बिअरचा नळ गिऱ्हाइकाच्या हाती द्या, पण वेटरला घरी पाठवू नका

भिंतीवर ओळीने बिअरचे नळ, हातात प्रीपेड कार्ड. कार्ड टेकवायचं आणि आपला ग्लास आपणच भरायचा. आपल्या देशात ही पद्धत नवी नाही, २०१२ मध्ये गुरुग्रामला सुरू झालेल्या 'द बिअर कॅफे'ने ती आणली होती. मला ती मनापासून आवडते. तरीही मुंबईच्या बारमालकांनी ती जशीच्या तशी उचलू नये, असं माझं ठाम मत आहे.

आवडतं ते आधी सांगते. नळाला मीटर असतो, जेवढे मिली ग्लासात पडले तेवढेच पैसे कापले जातात. पुण्यात २००९ साली डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली, मग क्राफ्ट बिअर, म्हणजे अशा छोट्या ब्रुअरीत थोड्या थोड्या प्रमाणात बनणारी बिअर, मुंबईतही रुजली. आता मेनूवर गव्हाची विटबिअर, काळी स्टाउट, कडवट आयपीए (इंडिया पेल एल), सफरचंदाची सायडर असं सगळं असतं आणि नवखा माणूस गोंधळून ओळखीची लागरच मागवतो. अख्खा मग मागवला आणि आयपीए कडूजहर लागली, तर पैसे वायाच. नळावर मात्र शंभर-शंभर मिली चाखून ठरवता येतं. शिवाय आम्ही दोघी-तिघी बायका बसलेल्या असताना दर दहा मिनिटांनी कुणी येऊन 'रिपीट?' विचारत नाही. आपल्या गतीने पिता येतं, हे सुख बायकांना विचारा.

आता खटकतं ते. ग्लास तिरका धरून भरायचा हे सगळ्यांना माहीत नसतं. अर्धा ग्लास फेस होतो, तो ओतून दिला तरी मीटर पुढे गेलेलाच असतो. बराच वेळ कुणी न उघडलेल्या नळातून पहिली धार कोमट आणि फेसाळ येते. बारटेंडर ती टाकून देतो, इथे तिचे पैसे आपण भरतो. उष्टा ग्लास नळाच्या तोंडाला लावणारेही असतात. आपल्या दमट हवेत ती तोंडं रोज आणि पाइप दर दोन आठवड्यांनी साफ झाले नाहीत, तर बिअर आंबूस लागणारच.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. दादर-परळच्या जुन्या परमिट रूममधला वेटर आठवा. कुणाला कर्जत गाडी पकडायची आहे, कुणी बाइक आणली आहे, कुणाची तिसरी बाटली झाली, सगळं त्याच्या डोक्यात असतं. "साहेब, आता राइस लावू का?" असं तो विचारतो, त्यातच नकार असतो आणि गिऱ्हाइकाचा मानही राहतो. नाहीच ऐकलं, तर तो काउंटरवरच्या अण्णांकडे बघतो आणि पुढची बाटली येत नाही. ही नजर मीटरला नाही. आणि कार्ड एकाचं, ग्लास दुसऱ्याचा, हे तर सहज होतं. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आहे, नळ ती तपासत नाही.

अमेरिकेत अशा बऱ्याच ठिकाणी साधारण ३२ औंस, म्हणजे साडेनऊशे मिलीच्या आसपास, कार्ड आपोआप बंद पडतं. कर्मचारी येतो, माणूस शुद्धीत आहे का बघतो, मगच कार्ड पुन्हा चालू करतो. आपल्याकडे हा आकडा आणखी खाली हवा. कारण १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ अल्कोहोल, एवढीच गाडी चालवणाऱ्याची कायदेशीर मर्यादा आहे.

मालकांची अडचण मला कळते. बारमधल्या दारूवरचा व्हॅट १० टक्के झाला, परवाना शुल्क वाढलं, १४ जुलै २०२५ ला राज्यभरातल्या बारमालकांनी बंद पाळला. अशा वेळी नळ बसवून चार पगार वाचवायचा मोह होणारच. पण वाचवायचं तर फुकट जाणारा फेस वाचवा. नळांपाशी एक अनुभवी माणूस उभा ठेवा, कार्ड थांबवायचा पूर्ण अधिकार त्याला द्या, आणि त्याने कुणाला थांबवलं तर मॅनेजरने गिऱ्हाइकासमोर त्याचीच बाजू घ्यावी. बिल कार्डातून जातं म्हणून त्याची टिप बुडू नये, तिची सोय त्याच कार्डावर करा.