टी सायलेंट असतो!

तुम्हाला इंग्रजी येतं. चांगलं येतं. पण नुसतं येऊन काय उपयोग? ते येतं हे चारचौघांना कळलं पाहिजे, आणि समोरच्याला येत नाही हेही त्याच चारचौघांना कळलं पाहिजे. या कामाला पगार नाही, म्हणजे ही समाजसेवाच झाली. ती कशी करावी याचं प्रात्यक्षिक गेल्या आठवड्यात माझ्याच वर्गात पाहायला मिळालं. तेव्हापासून सूचना सुचतायत. हातच्या राखून न ठेवता देते.

सगळ्यात आधी वेळ साधायला शिका. चूक कानावर पडली की वाक्य संपायची वाट पाहू नका. वाक्य संपलं की त्याचा अर्थ लागतो, अर्थ लागला की माणूस गुंततो, आणि मग चूक राहून जाते. कर्ता येऊन गेलाय, क्रियापद अजून यायचंय, ही खरी जागा. बोलणाऱ्याचा एक पाय हवेत असतो. तेव्हाच ओढायचा.

सायलेंट अक्षरांचा साठा कायम जवळ बाळगा. कर्जाच्या ‘डेट’मधला बी, पावतीच्या ‘रिसीट’मधला पी, बेटाच्या ‘आयलंड’मधला एस. ती अक्षरं तिथे आली कशी, हे मात्र चुकूनही वाचू नका, हात थरथरायला लागेल. ‘डेट’ फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हताच. पुढे लॅटिन शिकलेल्या पंडितांना शब्दांचं कुळ मिरवायची हौस आली आणि त्यांनी ‘डेबिटम’च्या आठवणीने बी आत घुसवला. उच्चाराला तो कधी लागलाच नाही. ‘आयलंड’ तर जुन्या इंग्रजीतला घरचाच शब्द, लॅटिनशी सोयरसुतक नाही. पण ‘आइल’ नावाचा, बेटाच्याच अर्थाचा, परक्या घराण्यातला शब्द दिसायला सारखा, म्हणून त्याचा एस याच्या गळ्यात बांधला. कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात छापखाना काढला. त्या काळच्या छापखान्यातल्या फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमकडच्या डच भाषेच्या, वळणामुळे ‘घोस्ट’मध्ये एच शिरला असं मानतात, तो अजून मुक्कामाला आहे. भूतच ते, जातंय कुठे! पंडित चुकले तर स्पेलिंग होतं, खिळे जुळवणारे चुकले तर परंपरा होते. आपण चुकलो तर चूक होते. हा नियम पाठच करून टाका.

‘सेरेन्डिपिटी’, म्हणजे ध्यानीमनी नसताना काही चांगलं हाती लागणं, हा शब्द रोज एकदा वापरा. इंग्रज लेखक हॉरेस वॉल्पोलने १७५४ मध्ये एका पत्रात तो घडवला, तो बहुधा तुमच्या स्टेटससाठीच.

इंग्रजीत पाच स्वर आहेत असंच शिकवत राहा. अक्षरं पाच आणि स्वर वीसेक, हे कळलं तर पोरं प्रश्न विचारतील.

कोणी ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ सारखंच म्हटलं तर हसा. ‘चाक’ आणि ‘चष्मा’ यांतले दोन वेगळे च आपण एकाच अक्षरात लिहितो आणि कोणी नियम न शिकवता बरोबर बोलतो, तो विषय इथे काढायचा नाही.

भाषा वाङ्मयीन करायची असेल तर सोपा शब्द दिसला की खोडा. ‘बिगिन’ खोडून ‘कमेन्स’. ‘आस्क’ खोडून ‘एन्क्वायर’. १०६६ मध्ये नॉर्मन लोक इंग्लंडात आले, दरबारात फ्रेंच चालू झालं, घरात-शेतात जुने शब्द राहिले, म्हणून एकाच गोष्टीला इंग्रजीत साधा आणि भरजरी असे दोन-दोन शब्द सापडतात. भरजरी तो कोर्ट-कचेरीतला, साधा तो जेवायच्या पाटावरचा. पण आपण कशाला फरक करायचा? एका मुलाच्या वहीत मी स्वतः पाहिलंय. त्याने लिहिलं होतं, ‘द रेन स्टॉप्ड.’ तीन शब्द, आणि पाऊस खरंच थांबला होता. वर लाल शाईत: ‘द प्रेसिपिटेशन सीझ्ड.’ बाजूला शेरा, ‘भाषा समृद्ध कर.’ समृद्ध! पावसाचं हवामान खातं करून ठेवलं.

कवितेत अलंकार ओळखायला लावा. ओळखला की कविता झाली, पान उलटा. शेक्सपिअरने ‘लव्ह’ला ‘प्रूव्ह’ जुळवलंय असं एखाद्या मुलीने विचारलंच, तर ते फक्त डोळ्यांचं यमक म्हणून सांगून मोकळे व्हा. त्याच्या काळी ते कानालाही जुळत होतं, हे सांगायला तास पुरत नाही.

आता मुख्य सूचना. ‘ऑफन’.

हा शब्द कोणी टी उच्चारून ‘ऑफ्टन’ म्हटला की तिथल्या तिथे, मोठ्याने, हसतमुखाने म्हणायचं, ‘टी सायलेंट असतो!’ गेल्या आठवड्यात आमच्या संध्याकाळच्या वर्गात आलेल्या पाहुण्या तज्ज्ञांनी हे इतकं सफाईने केलं की मला टिपून घ्यायलाही वेळ मिळाला नाही. वर्ग मोठ्या माणसांचा आहे. दिवसभर काम करून येतात. त्यातल्या एक बाई तीन महिने मागच्या बाकावर बसून होत्या, हजेरीपलीकडे शब्द नाही. त्या दिवशी त्यांनी आपणहून हात वर केला. चार वाक्यं वहीत लिहून आणली होती. वही उघडली, परत मिटली, पाठच म्हणायचं ठरवलं असावं. पहिलं वाक्य नीट झालं. दुसरं सुरू केलं, ‘माय फादर ऑफ्टन...’

‘टी सायलेंट असतो!’

‘सॉरी सर,’ म्हणाल्या आणि खाली बसल्या.

वर्ग सुटल्यावर मी वही मागितली. दुसरं वाक्य असं होतं: ‘माय फादर ऑफ्टन फर्गेट्स माय नेम.’

आता सूचना-बिचना पुरे. सर, तुमच्याशीच बोलते. ती बाई सांगत होती की तिचे वडील तिचं नाव विसरतात. आयुष्यात पहिल्यांदा ती हे कोणाला तरी इंग्रजीत सांगायला उभी राहिली होती, आणि तुम्हाला त्यात टी ऐकू आला. तेवढाच ऐकू आला. आणि तोही चुकीचा नव्हता हो! ‘लिसन’ आणि ‘सॉफन’सारखाच ‘ऑफन’मधला टी गळला होता, खरं आहे. पण पुढे लोक वाचायला शिकले, कागदावर टी दिसायला लागला, म्हणून परत बोलायलाही लागले. आज चांगला कोणताही शब्दकोश उघडा, दोन्ही उच्चार दिलेले आहेत. तुम्ही उघडला नसेल. तुम्हाला ते कोणीतरी लहानपणी असंच मध्येच तोडून शिकवलं असेल आणि तेव्हापासून तुम्ही गिऱ्हाईक शोधत फिरताय.

आणि समजा, असती चूक. मग? नंतर बाजूला घेऊन सांगता आलं नसतं? मी तेच करते, रोज करते, उच्चार शिकवणं हे माझंच काम आहे. इंग्रजी ऐकणाऱ्याला पुष्कळदा अडतं ते जोर चुकीच्या जागी पडला की. तुम्ही तुमच्या भाषणात ‘डेव्हलपमेंट’ अकरा वेळा म्हणालात, अकराही वेळा जोर ‘डे’वर. तो ‘व्हे’वर हवा. मी मोजत होते, पण बोलले नाही. तुम्ही काय सांगताय ते मला कळत होतं, आणि तुमचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

या आठवड्यात बाई आल्या. मागेच बसल्या. वही पिशवीतून काढलीच नाही. उरलेली दोन वाक्यं मी वाचली आहेत, पण ती तुम्हाला सांगणार नाही, ती त्यांची आहेत. त्या पुन्हा कधी उभ्या राहिल्या आणि नेमके तुम्ही वर्गात असलात, तर त्यांची मागची जागा रिकामी असेल. तिथे बसा. तोंड मिटून बसा, आणि क्रियापद येऊ द्या.