सिनेमा पाहिला म्हणून पोलीस घरी येत नाहीत

परवा रात्री साडेदहाला पाचोऱ्याहून काकूंचा फोन आला. आवाज रडवेला. ‘‘पोलीस घर येतीन का रे भाऊ?’’ मला वाटलं, कुठे अपघात झाला. मग कळलं की भाऊबंदकीच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज त्यांनी वाचला आणि तेव्हाच राउटरची वायर उपटून कपाटात ठेवून दिली. त्याला दोन दिवस झाले होते. माझी चुलत बहीण त्याच नेटवर नीटचे क्लास करते. तिने दिवाळीत कुठल्याशा टेलिग्राम चॅनेलवर एक सिनेमा पाहिला होता, एवढाच तिचा गुन्हा.

तो मेसेज मलाही एव्हाना चार ठिकाणांहून आला आहे. त्यात म्हटलंय की पायरेटेड सिनेमा नुसता पाहिला तरी 3 वर्षं कैद आणि 3 लाख दंड. इंटरनेट कंपनी आपण पाहिलेल्या प्रत्येक फाइलची यादी रोज पोलिसांना देते. ज्याच्या वायरीतून सिनेमा आला तो नेटवालाही तेवढाच आरोपी. आणि शेवटी एक लिंक: 24 तासांत 1,999 रुपये ‘तडजोड शुल्क’ भरा, नाव यादीतून निघेल.

आधी ही लिंकच घेतो, कारण बाकी सगळा मजकूर तिच्यासाठीच रचलेला आहे. आपल्या कायद्यात व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवर पैसे भरून फौजदारी गुन्हा मिटवायची सोय नाही. पोलीस नोटीस देतात ती नावानिशी, कलम आणि ठाणं लिहून. हा मेसेज बनवणाऱ्याला घाबरलेली आई आणि तिच्या मोबाइलमधलं यूपीआय, एवढंच हवं आहे. काकूंनी पैसे भरले नाहीत, कारण त्यांना लिंक उघडता आली नाही. नाहीतर भाजीपाल्याचे पैसे गेलेच असते. कुणी भरले असतील तर लाजून गप्प बसू नका. 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितका पैसा पुढच्या खात्यांत सरकत जातो.

आता ‘नुसतं पाहिलं तरी कैद’. ही भीती नवी नाही. 2016 च्या ऑगस्टमध्ये बंद केलेल्या साइट उघडल्या की पडद्यावर असाच इशारा यायचा. आकडेही हेच, 3 वर्षं आणि 3 लाख. देशभर घबराट झाली. एका हिंदी सिनेमाच्या निर्मात्यांचा दावा तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात चालू होता. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्या इशाऱ्याचा मजकूरच चुकीचा ठरवला. पाहणं हा गुन्हा नाही, परवानगीशिवाय नुकसानकारक वाटप करणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं आणि मजकूर बदलायला लावला. आपल्याच राज्याच्या उच्च न्यायालयाने इतकं स्वच्छ सांगितल्यावरही तीच भीती इतक्या वर्षांनी पाचोऱ्याच्या घरात शिरते, याचा मला संताप येतो.

आकड्यांचंही तेच. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 मध्ये 6 महिने ते 3 वर्षं कैद आहे, पण दंड 50 हजार ते 2 लाख. 3 लाखांचा आकडा सापडतो तो सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीत. तो थिएटरात बसून कॅमेऱ्याने सिनेमा उतरवणाऱ्यासाठी आणि चोरीची प्रत पसरवणाऱ्यासाठी आहे, आणि तिथे 3 लाख हा किमान दंड आहे. घरात मोबाइलवर पाहणाऱ्या पोरीशी त्याचा संबंध नाही.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. टोरेंट वापरणाऱ्याला ‘मी फक्त पाहिलं’ म्हणता येत नाही. टोरेंटमध्ये फाइलचे तुकडे आपल्याकडे उतरत असतानाच आपल्याकडून दुसऱ्यांना जात असतात. म्हणजे घेणारा तिथे वाटणाराही होतो. आणि प्रत काढण्याचा हक्क मालकाचाच असतो, त्यामुळे उतरवून ठेवणाऱ्यावर तो दिवाणी दावा करू शकतो. यातलं नुकसान मी जवळून पाहिलंय. आपल्याकडची अहिराणी गाणी करणारी पोरं लग्नसराईच्या आधी पदरचे पैसे घालून गाणं रेकॉर्ड करतात, कुणाच्या तरी केळीच्या बागेत शूटिंग करतात. आठ दिवसांत तेच गाणं दुसऱ्याच कुणाच्या चॅनेलवर चढतं. त्याचा राग मलाही आहे. पण तो चढवणाऱ्यावर काढा.

कंपनी रोज यादी देते, हा दावा दोन वाक्यांत संपतो. कोणत्या ग्राहकाला कोणत्या वेळी कोणता आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा जोडणीचा क्रमांक, दिला होता, अशा नोंदी परवान्याच्या अटीनुसार ठेवाव्या लागतात आणि तपास यंत्रणेने रीतसर मागितल्या तर द्याव्या लागतात. पण कुलूपबंद, म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात पाठवणाऱ्या एचटीटीपीएस साइटवर आपण नेमकं कोणतं पान उघडलं, काय पाहिलं, हे त्या नोंदीत नसतं, आणि छोट्या नेटवाल्यांकडे तर एकाच आयपीवर शेकडो घरं चालतात.

राहिला नेटवाला. माझा मावसभाऊ चोपडा तालुक्यात तीन गावांत फायबरची कनेक्शनं देतो. गेल्या आठवड्यापासून त्याला फोन येताहेत, ‘‘जिभाऊ, तुमच्यामुळे आमच्यावर केस होईल, आमचं बंद करा.’’ आठ जणांनी कनेक्शन सोडलं. गिरणेच्या पाटाला पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला कुणी विचारत नाही की त्या पाण्यावर अमक्याने शेतात काय पेरलं. कायदाही तसंच म्हणतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 79 म्हणतं की पाठवणं सुरू केलं नाही, कुणाला पाठवायचं ते निवडलं नाही आणि मजकुरात फेरफार केला नाही, तर फक्त वाहून नेणाऱ्यावर जबाबदारी येत नाही. मात्र त्याने ठरवून दिलेली काळजी घ्यायला हवी. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्येही 2012 च्या दुरुस्तीने अशीच तरतूद आली.

याचा अर्थ त्याने हात वर करावेत असा नाही. न्यायालयाने साइट बंद करायला सांगितली की त्याला ती बंद करावीच लागते. एप्रिल 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तर असाही मार्ग काढला की तीच साइट नाव बदलून आली तर नवा दावा न करता तिचं नाव जुन्याच आदेशात जोडता येईल. मावसभावाकडे अशा याद्या वरच्या कंपनीकडून येतात आणि तो त्या लावतो. त्याचं काम एवढंच आहे आणि ते तो करतो. गावातल्या प्रत्येक घरात कोण काय पाहतं हे त्याने तपासावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी आपला मोबाइल त्याच्या हातात द्यायची तयारी आहे का ते सांगावं.

हे सगळं मी काकूंना फोनवर सांगितलं. त्यांनी अर्धंच ऐकलं, पण वायर पुन्हा लावली. बहिणीचा सकाळचा जीवशास्त्राचा तास मिळाला. ज्या भाऊबंदाने तो मेसेज ग्रुपवर टाकला, त्याला मी आज हे पाठवतो आहे. त्याने तो मेसेज काढून त्याच ग्रुपवर तसं लिहावं, एवढीच माझी मागणी आहे.