गळ्यात पडलेली रात्र

फॅन कन्व्हेन्शन म्हणजे विज्ञानकथा, गेम आणि अ‍ॅनिमे (जपानी कार्टून मालिका) यांच्या चाहत्यांचं संमेलन; मंडळी आवडत्या पात्रांचे पोशाख चढवून येतात. त्याच्या समितीत कामं वाटली जातात तेव्हा शहाणी माणसं आधी बोलून मोकळी होतात. कुणी नोंदणी घेतं, कुणी पाहुण्यांची सरबराई, कुणी चित्रप्रदर्शन. जो शेवटपर्यंत गप्प बसतो त्याच्या गळ्यात रात्र पडते. रात्र म्हणजे दहानंतर जे काही घडेल ते सगळं: नाच, गाणी, गप्पा, भांडणं आणि जिन्यात झोपलेला रोबो. मी नाचत नाही, हीच माझी पात्रता ठरली. "तुम्ही नाचत नाही ना, म्हणजे तुमचं लक्ष राहील," असं म्हणून अध्यक्षबाईंनी वहीत टिक केली आणि पार्किंगचा विषय काढला.

लोकांना वाटतं, नाचाचं काय एवढं नियोजन? हॉल घ्या, डीजे बोलवा, दिवे मालवा. खरं सांगू? नाचणाऱ्यांची काळजी करावीच लागत नाही. ते नाचतात. घोर असतो तो न नाचणाऱ्यांचा. रात्री अकरा वाजता मंडळी जागी असतात, अंगात अजून तो पोशाख असतो, दिवसभरात भेटलेल्या माणसाशी अर्धवट राहिलेलं बोलणं असतं, आणि बसायला जागा फक्त नाचाच्या हॉलच्या दारात. मग सगळे तिथेच उभे. आतल्याला बाहेर येता येत नाही, बाहेरच्याला आत जाता येत नाही, आणि अग्निसुरक्षेचा माणूस माझ्याकडे बघतो.

तसं पाहिलं तर हे दुखणं जुनं आहे. 1939 साली न्यूयॉर्कमध्ये पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं तेव्हा जेमतेम दोनशे माणसं होती. त्यात फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यकाळातले कपडे घालून आले. कपडे मर्टलबाईंनीच शिवलेले. म्हणजे पोशाख आणि गप्पा पहिल्या दिवसापासून आहेत. हॉल हादरवणारे स्पीकर मागाहून आले आणि त्यांनी सगळ्यात मोठी खोली बळकावली. गप्पांना कुणी वेगळी खोली दिलीच नाही, कारण गप्पांना प्लग लागत नाही. (लागतो. त्यावर पुढे येतो.)

पहिली बैठक गाण्यांच्या यादीची. इथे लोकशाहीवरचा विश्वास उडतो. अ‍ॅनिमेवाल्यांना त्यांच्या मालिकांची शीर्षकगीतं हवीत, गेमवाल्यांना आठ बिटांची पिपाणी, आणि एक दाढीवाला गृहस्थ प्रत्येक बैठकीत फक्त "मेटल" एवढाच शब्द उच्चारून खाली बसतो. डीजेंचं म्हणणं आणखी वेगळं. एकाला हाऊस वाजवायचं होतं, मिनिटाला 120 ते 130 ठोके. दुसऱ्याला ड्रम अँड बेस, मिनिटाला 170 च्या वर. माझ्यासारख्याला हा फरक आकड्यातच कळतो. पण अंगावर पूर्ण लांडगा चढवलेल्या माणसाला तो घामात कळतो.

या फरसूटवाल्यांबद्दल, म्हणजे प्राण्याचा केसाळ पोशाख नखशिखांत चढवणाऱ्यांबद्दल, जरा सांगायलाच हवं, कारण रात्रीच्या नाचात खरा जीव तेच ओततात. कृत्रिम केसाळ कापड, आत फोमचं डोकं, डोळ्यांच्या जागी जाळी. त्या जाळीतून समोरचं दिसतं तेही उजेडात, आणि पायाखालचं तर दिसतच नाही. अशा माणसाला अंधाऱ्या हॉलमध्ये लखलखत्या दिव्यांखाली नाचवायचं असेल तर जमिनीवर एकही वायर मोकळी राहता कामा नये. मी गुडघ्यावर बसून वायरींवर काळी टेप चिकटवत असतो तेव्हा लोकांना वाटतं माझं काहीतरी हरवलंय.

त्यांच्यासाठी एक खोली राखून ठेवतात, डोकं काढायची खोली. भलेमोठे पंखे, पाणी आणि लांब नळ्या. नळ्या लांब लागतात, कारण डोकं न काढता प्यायचं तर पेला ओठापर्यंत पोचतच नाही, मधे थोबाड येतं. फोटो काढायला सक्त मनाई, कारण आतला माणूस कोण हे ज्याचं त्यानं सांगायचं. ही खोली नाचाच्या हॉलला अगदी लागून हवी. लांब असली तर वाटेत उकडलेली अस्वलं भिंतीला टेकून बसतात आणि त्यांना हलवणं माझ्या आवाक्यातलं नाही. मी त्या खोलीत पाण्याचे जार मोजायला गेलो तेव्हा पंख्यासमोर चार डोकी उलटी वाळत होती. बाजूला मानेपर्यंत कोल्हा आणि वर चष्मेवाला, केस कपाळाला चिकटलेले असा एक इसम बसला होता. त्यानं पंजा पुढे करून अत्यंत सभ्यपणे विचारलं, "सर, पेन मिळेल का?" मी दिलं. पंजात पेन धरता येत नाही हे आम्हाला दोघांनाही एकदमच समजलं. मग तो सांगत गेला आणि मी त्याचा फॉर्म भरला.

आता बासकडे येतो, म्हणजे संगीतातल्या त्या खोल, घुमणाऱ्या आवाजाकडे. हॉल दाखवणाऱ्या माणसानं मधली सरकती भिंत थोपटून सांगितलं, "साउंडप्रूफ आहे." भिंत खरोखर चांगली होती. पलीकडे उभं राहिलो तर गायिकेचा आवाज नाही, झांज नाही, काही नाही. फक्त धप्, धप्, धप्, आणि टेबलावरच्या ग्लासातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं. बास हा हट्टी नातेवाईकासारखा असतो, दार लावून घेतलं तरी आत येतोच. 50 हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास 7 मीटर लांब असते. तिच्यापुढे पडदे, गालिचे आणि फोमचे तुकडे म्हणजे किस झाड की पत्ती. तिला अडवायला जडशीळ भिंत लागते, नाहीतर अंतर.

आणि त्या सरकत्या भिंतीच्या पलीकडे वेळापत्रकानं कुणाला बसवलं होतं? फिल्कवाल्यांना. विज्ञानकथा संमेलनांत ही परंपरा 1950 च्या दशकापासून चालत आलेली आहे. रात्री उशिरा मंडळी गोल करून बसतात, गिटार काढतात आणि अंतराळयानांवर, ड्रॅगनांवर, क्वचित संमेलनाच्या समितीवर रचलेली गाणी पाळीपाळीनं गातात. माइक नाही, काही नाही. मृत ग्रहावर एकट्या राहिलेल्या अंतराळवीराचं विलापगीत चालू असताना पलीकडून धप् धप् आलं की अंतराळवीर एकटा वाटत नाही.

मी फिल्कवाल्यांना इमारतीच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि मधे सामानाची खोली आणि बोर्डगेमचं कपाट घातलं. सबवूफर, म्हणजे बासचे मोठे स्पीकर, लाकडी पोकळ स्टेजवरून उतरवून जमिनीवर ठेवायला लावले, कारण स्टेज स्वतःच ढोल होऊन वाजत होतं. साउंडवाला नाराज झाला. साउंडवाले नेहमीच नाराज असतात. "दादा, असं मजा नाय येणार," हे त्यांचं ब्रीदवाक्य.

त्याच्याशी रात्रभर माझी जुगलबंदी चालते ती डेसिबलची. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी मानक काढलं, सरासरी 100 डेसिबलच्या वर जायचं नाही, आवाज सतत मोजत राहायचा, आणि लोकांना कान विसावायला शांत जागा द्यायची. कामगारांसाठीचा एक अमेरिकन हिशेब तर याहून कडक आहे. 85 डेसिबलमध्ये 8 तास चालतात, पण पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 डेसिबलला 15 मिनिटं. हे साउंडवाल्याला सांगितलं तर तो "हो हो" म्हणतो आणि माझी पाठ वळली की बोट वर सरकवतो. यात त्याचा लबाडपणा नाही, बरं का. दोन तास त्या आवाजात उभं राहिलं की कान बधिर होतात, मग त्याला खरोखरच आवाज कमी वाटू लागतो. रात्र जसजशी चढते तसतसा आवाजही चढतो. म्हणून मीटर माझ्या हातात आणि कानाचे बोळे दारात वाडगं भरून. बोळे फुकट असल्यामुळे लोक मूठभर नेतात. कुणाला इतके कान असतात कोण जाणे.

धुराच्या यंत्राला मी सरळ नाही म्हणतो. छतावरच्या अलार्मला नाचाचा धूर आणि आगीचा धूर यातला फरक कळत नाही, आणि मध्यरात्री अख्खं हॉटेल रस्त्यावर आणून उभं करायची मला हौस नाही. लखलखणाऱ्या दिव्यांचंही तेच. सेकंदाला साधारण 3 ते 30 वेळा होणारा लखलखाट काहींना अपस्माराचा झटका आणू शकतो, म्हणून दारावर मोठ्या अक्षरात पाटी आणि लाइटवाल्याला लहान शब्दांत तंबी.

तर आता गप्पांची खोली. ही मिळवायला मी जेवढा भांडलो तेवढा आयुष्यात कुठल्याच खोलीसाठी भांडलो नाही. मिळाली तेव्हा हॉटेलच्या लोकांनी तिथे दहा-दहा खुर्च्यांची गोल टेबलं मांडली होती आणि वरचे सगळे दिवे लावले होते. परीक्षेचा हॉल. दहांच्या टेबलावर पाच ओळखीचे बसले की सहावा अनोळखी माणूस तिथे जाऊन बसत नाही. तो मोबाइल काढतो, भिंत शोधतो, आणि थोड्या वेळानं खोलीवर जाऊन झोपतो. संमेलनाला एकट्यानं आलेल्यांची रात्र अशी वाया जाते. म्हणून टेबलं बाहेर काढली, तीन-तीन खुर्च्यांचे वाकडेतिकडे पुंजके केले, आणि प्रत्येक पुंजक्यापाशी एक मल्टिप्लग सोडला. माणूस माणसाशी बोलायला बिचकतो, पण "चार्जर आहे का?" हे कुणीही कुणालाही विचारतो. तंत्रज्ञानाच्या परिषदांत एक पॅक-मॅन नियम सांगतात (पॅक-मॅन म्हणजे जुन्या व्हिडिओ गेममधला तोंड उघडलेला पिवळा गोळा): गोल करून उभे राहिलात तर तोंड उघडल्यासारखी एका माणसाची फट ठेवा, म्हणजे नवा माणूस आत येईल. मी तो कागदावर चित्र काढून दाराला लावला. लोक त्या चित्राभोवती घट्ट गोल करून त्यावर चर्चा करू लागले.

शेजारी दुसरा कागद होता, "पोशाख म्हणजे परवानगी नव्हे." न विचारता हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही. त्यावर कुणी चर्चा केली नाही, ते बरंच. तिसऱ्यावर संमेलनांचा जुना मंत्र लिहिला होता, रोज पाच तास झोप, दोन वेळा जेवण, एकदा आंघोळ. पहाटे दोनला त्याखाली कुणीतरी लिहिलं, "यांतलं कुठलंही एक निवडा."

आणि शेवटची गंमत अशी की तक्रारी नाच चालू असताना येतच नाहीत. येतात तो संपल्यावर. आतली माणसं कान बधिर होऊन बाहेर पडतात आणि त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. मग दोन माणसं हातभर अंतरावर उभी राहून "काय मस्त झालं!" "काय?" "मस्त झालं!" असं लिफ्टपासून सहाव्या मजल्यापर्यंत ओरडत जातात. म्हणून संगीत एकदम बंद करायचं नाही. शेवटच्या अर्ध्या तासात ठेका उतरवत न्यायचा, दिवे हळूहळू वाढवायचे, आणि हॉलचं फक्त तेच दार उघडायचं जे गप्पांच्या खोलीकडे जातं. निम्मे तरी तिथे टेकतात. उरलेल्या निम्म्यांसाठी मी लिफ्टपाशी उभा राहून ओठांवर बोट ठेवतो. मला वाटतं मी शांतता राखतोय. ते त्याला फ्लाइंग किस समजतात आणि उलटा पाठवतात.

परवा पुढच्या वर्षाची बैठक झाली. रात्रीचा कार्यक्रम फारच गाजला, असं अध्यक्षबाई म्हणाल्या, म्हणून पुढच्या वेळी नाचाचे दोन हॉल ठेवायचे, एकात हाऊस, एकात मेटल. दाढीवाले गृहस्थ प्रथमच हसले. टाळ्या झाल्या. मी हात वर करून एवढंच विचारलं, "दोन्हींच्या मधे भिंत कसली आहे?"

बाईंनी वहीत बघितलं. "सरकती," म्हणाल्या, "पण साउंडप्रूफ आहे."