‘जिने टाळा, गुडघे वाचवा’: एका फॉरवर्डला उत्तर

नागपुरात धरमपेठेतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर, अंबाझरीला पहाटे फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर, सगळीकडे सध्या एकच मेसेज फिरून राहिला आहे. मजकूर थोडक्यात असा: “चाळिशी ओलांडली? मग गुडघे वाचवा. गुडघा म्हणजे गाडीचा टायर, जितका चालवाल तितका झिजेल. जिना चढला की गुडघ्यावर सातपट भार, म्हणून लिफ्टच वापरा. मांडी घालणं, उकिडवं बसणं बंद. वजन उचलू नका. गुडघा कटकट वाजला म्हणजे आतलं ग्रीस संपलं. दुखलं तर पूर्ण आराम. सकाळचं कोवळं ऊन आणि रोज कॅल्शियमची एक गोळी, हाडं ठणठणीत. वयाप्रमाणे सांधे दुखणारच.” खाली ‘नागपूरच्या नामांकित हाडांच्या डॉक्टरांचा सल्ला’ अशी ओळ. नामांकित असूनही नाव मात्र कुठे नाही.

सगळाच खोटा असता तर एका ओळीत सोडून देता आला असता. पण त्यात दोन-तीन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणूनच चांगले शिकलेले लोकही तो मानून घरातल्या आजी-आजोबांना खुर्चीत बसवून राहिले आहेत.

टायरपासून सुरुवात करू, कारण बाकीचा मेसेज त्याच्यावरच उभा आहे. टायर निर्जीव रबर आहे, झिजला की झिजला. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, जिवंत असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण होतं सांध्यातल्या पातळ द्रवातून, आणि तो द्रव कूर्चेत आत-बाहेर व्हायला तिच्यावर दाब पडून सुटावा लागतो. पाऊल टेकलं की दाब, उचललं की सुटका. चालणं थांबलं की हा पुरवठा मंदावतो. बरेच दिवस हालचाल बंद राहिलेल्या सांध्याची कूर्चा पातळ आणि मऊ पडते ती यामुळेच. हाडाचंही तसंच. भार पडेल तशी हाड आपली घडण बदलतं, हे जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. अंतराळवीरांच्या हाडांवर भार जवळजवळ नसतोच. मेसेजच्या हिशोबाने त्यांची हाडं सगळ्यांत टिकाऊ निघायला हवीत. प्रत्यक्षात व्यायाम आणि औषधांची जोड नसेल तर खुब्याच्या हाडाची घनता दर महिन्याला १ ते १.५ टक्क्याने उतरते.

‘मग धावणाऱ्यांचे गुडघे जातात ते?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघ्या-खुब्याचा झिजेचा संधिवात ३.५ टक्के, बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के, आणि स्पर्धांसाठी धावणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के आढळला. आता ज्याचा गुडघा आधीच दुखतो तो धावायला जातच नाही, त्यामुळे या आकड्यांवरून ‘धावलं की संधिवात टळतो’ असा निष्कर्ष काढू नये. पण ‘जितका चालवाल तितका झिजेल’ हे त्यांत बसत नाही. गुडघे बिघडवणारी एक गोष्ट मात्र आपल्याकडे दर हिवाळ्यात दिसते: वर्षभर सोफ्यावर, आणि कुठल्याशा मॅरेथॉनचा टी-शर्ट मिळाला की पंधरा दिवसांत दहा किलोमीटर. स्नायू, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) आणि हाड यांना वाढीव भाराची सवय व्हायला आठवडे लागतात.

जिन्याचा ‘सातपट’ आकडा कुठून आला कोण जाणे. बर्लिनमध्ये काही रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांतच भार मोजणारी यंत्रणा होती. तिचं मोजमाप २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. सपाट चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट, जिना चढताना ३.२ पट, उतरताना ३.५ पट. म्हणजे चढण्यापेक्षा उतरणं जड आणि चालण्या-चढण्यातला फरक मेसेजमध्ये दाखवला तेवढा नाही. गुडघा खरंच दुखत असेल तर मेट्रो स्टेशनात चढताना जिना आणि उतरताना लिफ्ट, असा उलटा हिशोब करून बघा. दुखत नसेल तर दोन्ही वेळा जिनाच. गुडघ्यावरचा भार कमी करायची एवढीच कळकळ होती तर मेसेजमध्ये पोटाबद्दल अवाक्षर का नाही? गुडघ्याचा संधिवात असलेल्या जाड व्यक्तींच्या अभ्यासात १ किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी झालेला दिसला. पण समोशावर बंदी घालणारा मेसेज फॉरवर्ड कोण करणार!

मांडी आणि उकिडवं बसणं: इथे मेसेज अर्धा खरा. बीजिंगमधल्या वृद्धांच्या अभ्यासात, तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्यांत गुडघ्याचा संधिवात जास्त निघाला. म्हणजे कळमन्याच्या बाजारात दिवसभर उकिडवं बसून माल निवडणाऱ्या बाईला हा सल्ला लागू आहे. तिच्यापर्यंत तो पोचत नाही, आणि पोचला तरी पाट किंवा बुटकं स्टूल मिळाल्याशिवाय तिने करावं काय? ज्यांना तो पोचतो, ते दिवसाचे दहा तास खुर्चीत असतात. त्यांनी जेवायला वीस मिनिटं मांडी घातली तर गुडघ्याचं काही बिघडत नाही, उलट हात न टेकता जमिनीवरून उठता येणं टिकून राहतं. संधिवात पुढे गेला असेल, मांडी घातली की सूज येत असेल, तर खुर्ची घ्या. त्यात कमीपणा नाही.

कटकट आवाजाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सांध्याच्या द्रवात वायूचे बुडबुडे होतात, कंडरा हाडावरून सरकतात, आवाज येतो. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी पन्नास वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. दोन्ही हातांत संधिवात नव्हता. त्यांना २००९ मध्ये गमतीदार संशोधनाचं इग नोबेल मिळालं. एका माणसाच्या बोटांवरून फार काही सिद्ध होत नाही, पण ‘ग्रीस संपलं’ म्हणणाऱ्यांकडे तेवढंही नाही. आवाजासोबत दुखणं, सूज किंवा गुडघा अडकणं असेल तर दाखवा.

‘वजन उचलू नका’ हा सगळ्यांत नुकसानकारक सल्ला, आणि तो मुख्यतः बायकांना दिला जातो. पाळी गेली की हाडं झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात, आणि नेमक्या त्याच वयात घरचे काकूंच्या हातून भाजीची पिशवी काढून घेतात. ऑस्ट्रेलियातल्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पाळी गेलेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या बायकांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने, चांगलं जड वजन उचललं. कमरेच्या मणक्याची घनता २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची १.२ टक्के घटली. हे सगळं प्रशिक्षकाच्या नजरेखाली, हळूहळू वजन वाढवत झालं. व्हिडिओ बघून एकदम बारबेलला हात घालणं वेगळं. वयाची सबबही चालत नाही. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या मंडळींनी आठ आठवडे पायांचा ताकदीचा व्यायाम केला, तर त्यांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठण्या-बसण्याने करा, सोपं वाटलं की पाठपिशवीत पुस्तकं भरा. तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांचं पडणं साधारण एक चतुर्थांशाने कमी होतं. खुब्याचं हाड बहुतेक वेळा पडण्यामुळेच मोडतं.

‘पूर्ण आराम’ हा सल्ला एके काळी डॉक्टरही देत. पाय मुरगळला तर आराम, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच, हे सूत्र १९७८ मध्ये रूढ करणारे अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये लिहिलं की पूर्ण आराम आणि बर्फ दोन्ही भरून येण्याला उशीर करू शकतात. पहिले एक-दोन दिवस जपा, मग सोसेल तेवढी हालचाल सुरू करा. पाय टेकवताच येत नसेल, हाडावर बोट ठेवताच कळ येत असेल, तर आधी एक्स-रे.

आता ऊन. नागपूरकराला उन्हाबद्दल सांगायचं म्हणजे हसू येतं. पण मे महिन्यात दुपट्टा, हातमोजे, गॉगल आणि मग कूलरसमोर, असं असताना हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व तयार होणार कुठे? त्याला लागणारे किरण कोवळ्या उन्हात फार थोडे असतात आणि बंद काचेतून जवळजवळ येतच नाहीत. सोपी खूण: सावली उंचीपेक्षा लांब असेल तर काम फार हळू चालतं. नागपुरात मे महिन्यात सकाळी नऊच्या सुमारास सावली उंचीएवढी होते, तेव्हा थोडा वेळ हात-पाय उघडे ठेवून उभं राहता येतं. दुपारच्या आगीत जायचं कारण नाही. डिसेंबरात मात्र ऐन बाराला सावली जेमतेम उंचीएवढी, म्हणून गच्चीवर दुपारीच जा, थंडीत ते गोडही लागतं.

कॅल्शियमची गोळी सरसकट सगळ्यांना नको. प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं असं आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगते. पेलाभर दुधात त्यातलं २४० च्या आसपास येतं, बाकीचं दही, नाचणी, न सोललेले तीळ यांतून बरंचसं निघतं. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी मात्र आठवड्याला एक आणि डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे. ती रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर येऊ शकतं.

राहिलं शेवटचं वाक्य, ‘वयाप्रमाणे सांधे दुखणारच’. विदर्भात हे वाक्य धोक्याचं आहे. २०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात चिकुनगुन्या पसरला. त्यानंतर काहींचे सांधे महिनोन्‌महिने सुजतात. ती झीज नव्हे, दाह असतो, आणि त्याचा उपचार वेगळा. दुसरं सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, जो आपल्या भागात पुष्कळ आहे. त्यात खुब्याच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते आतून मरू लागतं, तेही विशी-तिशीत. खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यातच जाणवतं, म्हणून पोरगा गुडघ्याला तेल चोळत बसतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. तरुण माणसाची जांघ किंवा गुडघा आठवडे-आठवडे दुखत असेल, चालताना तो लंगडत असेल, तर सिकलसेलची रक्ततपासणी आणि हाडांच्या डॉक्टरांची भेट, दोन्ही लगेच करा. रक्ततपासणी नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत होते.