अंडरड्राइव्ह पुली आणि फुकटचे १५ एचपी

गाड्यांचं वेड असलेल्यांमध्ये एक मजकूर अधूनमधून फिरत येतो. त्याचं सार असं: “अल्टरनेटर, वॉटर पंप, स्टिअरिंग पंप, एसी ही बेल्टवरची मंडळी इंजिनाची पाव ताकद खातात. क्रँकची मूळ पुली काढा, लहान आणि हलकी अंडरड्राइव्ह पुली टाका. १५ एचपी फुकट, मायलेज जास्त, पिकअप झकास. रेसिंगवाले वापरतात ते काय उगाच? तोटा काहीच नाही.”

यात खरं आहे ते आधी मान्य करतो. क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा (क्रँकशाफ्ट), आणि त्याच्या टोकावरची पुली हा बेल्ट फिरवते. ती पुली लहान केली की बेल्टवरचं सगळं हळू फिरतं, आणि हळू फिरणारा पंप कमी ताकद घेतो. फायदा शून्य नाही. पण तो किती, कुठल्या आरपीएमला, आणि त्याच्या बदल्यात काय जातं, हे त्या मजकुरात कुठेच येत नाही.

“पाव ताकद खातात” याला पुरावा म्हणून बहुतेक वेळा जुन्या अमेरिकन गाड्यांचे आकडे दिले जातात. १९७१ पर्यंत तिथल्या कंपन्या ‘ग्रॉस’ हॉर्सपॉवर (एचपी) छापत, म्हणजे बेल्टवरची यंत्रं काढून सुट्या इंजिनावर मोजलेली; १९७२ पासून ‘नेट’, म्हणजे गाडीत असतं तशा इंजिनाची छापू लागल्या, आणि कागदावरचा आकडा धाडकन खाली आला. म्हणजे मधली सगळी ताकद बेल्ट गिळत होता, असा निष्कर्ष काढला जातो. पण ग्रॉस चाचणीत एअर क्लीनर नसे, गाडीचा सायलेन्सर नसे, स्पार्कचं टायमिंग त्या चाचणीपुरतं जुळवलेलं असे. कमी झालेल्या आकड्यात या सगळ्यांचा वाटा आहे. तो एकट्या बेल्टच्या नावावर टाकणं चूक आहे.

मग १५ एचपीचं काय? १०० एचपीचं साधं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन घ्या आणि पुलीमुळे बेल्टवरची यंत्रं २५ टक्के हळू फिरतात असं धरा.

सगळ्यात मोठा गैरसमज अल्टरनेटरचा, म्हणजे गाडीची वीज बनवणाऱ्या यंत्राचा. तो किती ताकद ओढणार हे मुख्यतः तुम्ही किती वीज वापरता यावर ठरतं. ५० अँपिअर, १४ व्होल्ट म्हणजे ७०० वॅट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर इंजिनाकडून साधारण दीड एचपी जाणार. त्याला हळू फिरवलं की त्याचा रेग्युलेटर फील्डचा (आतल्या विद्युतचुंबकाचा) करंट वाढवतो आणि तेवढीच वीज काढतो. दिवे तेच, ब्लोअर तोच, मग बचत येणार कुठून? अल्टरनेटरकडून खरी बचत एकाच वेळी होते: त्याला गरजेएवढी वीज बनवता येत नाही तेव्हा. ती तूट बॅटरी भरते.

वॉटर पंपाची गोष्ट वेगळी आहे आणि अर्धं सत्य आहे ते इथेच. अशा पंपाला लागणारी ताकद वेगाच्या घनात बदलते. वेग पाऊणपट झाला की ताकद ०.७५ गुणिले ०.७५ गुणिले ०.७५, म्हणजे ४२ टक्क्यांवर येते. ऐकायला मोठं वाटतं. ६००० आरपीएमला पंप २ एचपी घेतो असं धरलं, तर सव्वा एचपीच्या आत-बाहेर वाचते. स्टिअरिंग पंपाकडून फार तर पाव एचपी. एसीचा कॉम्प्रेसर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर बऱ्याच गाड्यांत ईसीयूच (इंजिनाचा कॉम्प्युटर) बंद करतो. झाली बेरीज: दीड एचपी, तीही रेडलाइनजवळ, म्हणजे इंजिनाच्या कमाल आरपीएमजवळ. इंजिनात जाणारी हवा १० अंशांनी थंड असली तरी १०० एचपीच्या इंजिनात एवढाच फरक दिसतो. त्यामुळे सकाळी जुन्या पुलीवर आणि दुपारी नव्या पुलीवर घेतलेले डायनोचे (ताकद मोजण्याच्या यंत्राचे) दोन आलेख शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही.

आणि हा हिशोब सगळी यंत्रं बेल्टवर आहेत असं धरून आहे. आता कित्येक गाड्यांत स्टिअरिंग इलेक्ट्रिक असतं, म्हणजे पंपच नाही. कित्येक इंजिनांत वॉटर पंप आतल्या वेगळ्या टायमिंग बेल्टवर असतो, त्याला पुली बदलल्याचा पत्ताही लागत नाही. तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये तर बाहेरचा बेल्टच नाही. बॉनेट उघडून बेल्ट कशाकशावरून जातो एवढं पाहिलं, तरी अर्ध्या लोकांचा निर्णय तिथेच होईल.

मायलेजचा दावा याच घनाच्या नियमावर आपटतो. संथ, एका वेगाने जाताना इंजिन २००० आरपीएमवर असतं. ६००० च्या तिसऱ्या हिश्शाच्या वेगाला पंपाची ताकद सत्ताविसावा हिस्सा उरते. तिथली बचत निघते ३० वॅटच्या आसपास. ब्रेक दाबल्यावर मागचे दोन जुन्या पद्धतीचे बल्ब याहून जास्त घेतात. टायरमधली हवा तपासली तर यापेक्षा जास्त पेट्रोल वाचेल.

खरी अडचण दुसऱ्या टोकाला आहे. फायदा ६००० ला आणि तोटा ७५० ला, आणि गाडी रोज यातल्या कुठल्या आकड्यावर जास्त वेळ काढते हे गर्दीत गाडी चालवणाऱ्या कुणालाही सांगायला नको. आयडलिंगला क्रँक ७५० आरपीएमने फिरत असला आणि पुलींचा रेशो २.७ असला (क्रँकच्या एका फेरीत अल्टरनेटरच्या २.७ फेऱ्या), तर अल्टरनेटर २००० च्या थोडा वर फिरतो. अंडरड्राइव्ह पुलीवर तो १५०० वर येतो. अल्टरनेटरची वीज नेमकी याच पट्ट्यात झपाट्याने वाढते किंवा पडते. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मल्टिमीटर बॅटरीच्या टर्मिनलांना लावा. गाडी आयडलिंगला, हेडलाइट चालू, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा डिफॉगर चालू, रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा सुरू होईपर्यंत थांबा. आकडा १४ च्या जवळपास टिकला तर अल्टरनेटर पुरा पडतोय. १२.५ कडे घसरू लागला तर वीज बॅटरीतून चालली आहे. रोज अशी अर्धी रिकामी होणारी बॅटरी लवकर मरते, आणि मालक दोष बॅटरीला देतो. पंखा पुरेसा जोर धरत नाही, पंपही पाणी कमी ढकलतो, हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर पार्किंग करताना जड लागतं. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो. तोही हळू फिरणार, याचा विचार पुली घेताना कोण करतं?

पिकअपचं श्रेय हलकेपणाला दिलं जातं, तेही मोजून पाहू. पुली दीड किलोने हलकी झाली आणि तिची त्रिज्या ७ सेंटिमीटर धरली, तर पहिल्या गिअरला गाडीतून ७ किलो सामान उतरवल्याइतका फरक पडतो. तिसऱ्या गिअरला फक्त १ किलो. इंजिन न्यूट्रलला रेस दिल्यावर चटकन वर जातं, कानाला बरं वाटतं, आणि गाडी पळायला लागली असं मन धरून चालतं.

“तोटा काहीच नाही” या वाक्याने मात्र मला खरंच राग येतो, कारण यात लोकांची इंजिनं जातात. मूळ पुली हातात घेऊन कडेने नीट बघा. मधला हब, बाहेरची जड रिंग आणि दोन्हींच्या मध्ये रबराचा काळा पट्टा दिसेल. तो डॅम्पर आहे. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ३००० आरपीएमला दर सेकंदाला १०० स्फोट होतात. प्रत्येक स्फोटाला क्रँकशाफ्ट ओला कपडा पिळावा तसा किंचित पिळतो आणि परत सुटतो. स्फोटांची लय क्रँकच्या स्वतःच्या लयीशी जुळली की हा पीळ वाढत जातो. बाहेरची रिंग रबरावर मागेपुढे सरकून तो शोषते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लांब क्रँकची सहा सिलिंडरची इंजिनं याच पिळाने हैराण झाली होती, आणि फ्रेडरिक लँचेस्टरसारख्या इंजिनिअरांनी त्यावर डॅम्पर शोधला. तो काढून ॲल्युमिनियमचा सलग तुकडा बसवायचा, म्हणजे शंभरएक वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न विकत आणायचा. ऑइल पंप थेट क्रँकच्या टोकावर बसतो अशा इंजिनांत या थरथरीने पंपाचा गिअर तुटू शकतो. ऑइलचं प्रेशर गेलं की पुढे बेअरिंग, मग क्रँक. हे बसवल्या दिवशी होत नाही, म्हणून दोष पुलीवर येत नाही.

अंडरड्राइव्ह पुलीची ही ख्याती आली कुठून? मोठा वाटा १९८० आणि ९० च्या दशकांतल्या फोर्ड मस्टँगच्या ५ लिटर व्ही८ चा. तिथे पुली डॅम्परवर वेगळी, बोल्टने बसवलेली होती. पुली बदलली तरी डॅम्पर जागेवर राहायचा. आजच्या बहुतेक छोट्या इंजिनांत पुली आणि डॅम्पर एकच तुकडा आहे. तिथला सल्ला इथे उचलून लावता येत नाही. रेसिंगवाल्यांचं उदाहरणही तसंच: त्यांचं इंजिन सतत वरच्या आरपीएमला राहतं, हेडलाइट-एसी नसतात, ठरावीक तासांनी इंजिन उघडलं जातं, आणि शहाणी टीम चांगला डॅम्पर कधी काढत नाही.

तरीही कुणाला आपल्या गाडीपुरतं उत्तर हवंच असेल, तर पुली घेण्याआधी डायनोवर दोन रन घ्या. एक नेहमीसारखा. दुसरा बाहेरचा बेल्ट पूर्ण काढून, एकच छोटा रन, लगेच इंजिन बंद, कारण बेल्टवर वॉटर पंप असेल तर तोही थांबलेला असतो. दोन्ही वेळा इंजिनाचं तापमान सारखं ठेवा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे बेल्टवरची सगळी यंत्रं मिळून घेतात ती ताकद. अंडरड्राइव्ह पुली यंत्रं थांबवत नाही, फक्त हळू करते, म्हणजे तिच्या वाट्याला या फरकाचा एक हिस्साच येणार. तो फरकच १५ भरला नाही, तर पुली १५ कुठून देणार, हे विकणाऱ्याला विचारा.