वाड्याच्या दाराच्या बिलाबद्दल जुन्या लाकडाच्या वखारीच्या मालकांचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. "पाडलेल्या वाड्यातल्या फुकटच्या लाकडाचे सत्तर हजार लावले, ठरल्यापेक्षा जास्त घेतले, दार तीन आठवडे उशिरा दिलं आणि खिळ्यांची काळी भोकं तशीच ठेवली," असं तुम्ही लिहिलं आहे. दार गणपतीच्या आधी बसलं नाही याबद्दल मनापासून माफी मागतो. घरी पाहुणे येणार होते, तुमची अडचण झाली. हवेत ओल असताना पॉलिश मारलं की ते पांढुरकं पडतं आणि यंदा पाऊस उघडायलाच तयार नव्हता, म्हणून पॉलिश थांबवून ठेवलं. यापुढे उशीर होणार असेल तर आधी फोन करत जाऊ.

पण पैशांबद्दल जे लिहिलंत त्याचा खुलासा मला इथेच करावा लागेल. तुमचा रिव्ह्यू वाचून कालच एका गिऱ्हाइकाने फोनवर विचारलं, "तुम्हाला लाकूड फुकट मिळतं ना, मग एवढा भाव कसा?" आमचा सगळा धंदा लोकांनी एकमेकांना सांगण्यावर चालतो. असं एक वाक्य आम्हाला फार महाग पडतं.

लाकूड फुकट मिळत नाही, मॅडम. पेठेतला वाडा पाडायला निघतो तेव्हा ठेकेदार आधी मालकाला पैसे मोजतो आणि मग आतला माल आम्हाला ठोक विकतो. मला हवं ते दार आणि दोन खांब उचलून आणता येत नाहीत. तुळया, कडीपाट (लाकडी छताच्या कड्या आणि फळ्या), जिन्याच्या पायऱ्या, खुंट्या, मोडके गज, सगळं एकगठ्ठा घ्यावं लागतं. तुळईची जी टोकं भिंतीत गाडलेली असतात ती बहुतेक वेळा ओलीने किंवा वाळवीने गेलेली असतात, ती कापून टाकावी लागतात. राहिलेल्या लाकडात दोन-तीन पिढ्यांनी ठोकलेले खिळे असतात. एखादा आत मोडून राहिला आणि आरागिरणीत पात्याखाली आला की पातं गेलं, आणि त्याचे पैसे गिरणीवाला आमच्याकडून घेतो. नव्या सागवानाच्या दुकानात यातलं काहीच नसतं. तिथे माप सांगा, कापून घ्या, घरी जा. म्हणून दोन्हीकडचे दर शेजारी ठेवून तुलना केली की जुनं महागच दिसणार. तो खर्च जुनेपणाचा नाही, निवडीचा, नासाडीचा आणि मजुरीचा आहे.

आता तुमच्या दाराचं. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मोबाइलवर जो फोटो दाखवलात तो तमिळनाडूतल्या कारैकुडीकडच्या चेट्टियार व्यापाऱ्याच्या घराच्या दाराचा होता. ती दारं बर्मा सागाची, भरगच्च कोरीव, आणि त्यांचा भाव वेगळाच. आमच्याकडे त्या दिवशी होतं ते शनिवार पेठेतल्या वाड्याचं आतल्या चौकातलं दार: दोन कवाडं, साधी गणेशपट्टी (चौकटीवरची गणपती कोरलेली पट्टी), पितळी कडी. ते बर्मा टीक आहे असं मी म्हटलं नव्हतं, आजही म्हणत नाही. पुण्यातल्या बऱ्याच वाड्यांत आपल्याकडचाच साग आहे, आणि तो काही कमी प्रतीचा नाही. ते दार तुम्हालाही आवडलं, साहेबांनाही आवडलं, आणि त्याचे चौकटीसह ४६,००० ठरले.

मुद्दा उंचीचा आहे. वाड्यातली आतली दारं ठेंगणी असतात, माणूस वाकूनच आत जातो. हे दार चौकटीसह ५ फूट ९ इंच. तुमच्या फ्लॅटमधली मोकळी जागा ७ फूट. मधे राहतो सव्वा फूट. मी त्याच दिवशी टेपने मोजून दाखवलं होतं. साहेब म्हणाले, "वरती काच लावू, बघू नंतर." पुढच्या आठवड्यात तुमचा फोन आला की काच नको, लाकडाचंच काहीतरी बसवा, जुनंच दिसलं पाहिजे. मग त्याच वाड्याच्या कडीपाटातल्या फळ्या काढून, चौकटीच्या रंगाशी जुळवून वरचा झरोका केला, आत गज बसवले. त्याचे ८,५०० झाले.

दुसरं, त्या दाराला बिजागऱ्या नव्हत्याच. जुन्या कवाडाच्या वर-खाली लाकडी खुंट असतो, तो चौकटीतल्या भोकात फिरतो. तुम्हाला बिजागऱ्या हव्या होत्या आणि आतून नवं कुलूप हवं होतं. खुंट कापून भोकं बुजवली, पितळी बिजागऱ्या आणल्या, कुलपासाठी कवाडात खाच घेतली. त्याचे ३,५००. एकूण ५८,०००. त्यातले २,००० तुम्ही शेवटी कमी करायला सांगितलेत, ते मी केले. म्हणजे माझ्या बिलात ५६,००० आहेत, आणि ते बिल तुमच्याकडेही आहे. सत्तर हजारांत तुम्ही टेम्पोचे, तुमच्या गवंड्याचे आणि तुमच्या सुताराचे पैसे धरले आहेत. ते माझ्या खिशात आलेले नाहीत, मॅडम. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण आकडा जाहीर झाला आहे म्हणून आकड्यातच उत्तर देतो.

एक गोष्ट बिलात वेगळी लिहिलीच नव्हती, ती आता सांगतो. त्या दारावर रंगाचे बरेच थर होते, हिरव्यावर पिवळा, त्यावर चॉकलेटी. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम २०१६ चा आहे, आणि हे दार त्याच्या फार आधी रंगवलेलं. तुमची छोटी तुमच्याबरोबर आली होती, ती सगळीकडे हात लावत होती. म्हणून रंग ब्लोलॅम्पच्या ज्वाळेने जाळून काढला नाही, कोरडा घासलाही नाही. पाणी मारून मारून खरवडला, कामावरच्या पोरांना मास्क लावून. जाळून काढला असता तर काम लवकर आटोपलं असतं. उशिराचं अर्धं कारण हेच आहे. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

खिळ्यांच्या काळ्या डागांचं एवढंच, की लोखंड आणि सागाची ओल एकत्र आली की लाकूड खोलवर काळं पडतं. ऑक्झॅलिक ॲसिडने आम्ही ते फिकट केले. पूर्ण जायचे असतील तर तेवढा भाग कापून तिथे नव्या लाकडाचा तुकडा बसवावा लागेल, आणि मग नवं दारच का नको? तुम्हीच म्हणाला होतात, जुनं दिसलं पाहिजे.

साहेबांबरोबर जो सुतार आला होता त्याने मला न विचारता कवाडाच्या मागे पटाशीने खरवडून "आत पण सागच आहे का" बघितलं. साग निघाला, तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. तुम्ही रिव्ह्यूत "मालक तुटक बोलतात" असं लिहिलंय, ते बहुधा त्या दिवसाचं असावं. वडिलांनी १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर पडक्या वाड्यांचं लाकूड गोळा करून ही वखार सुरू केली. नवं लाकूड जुनं म्हणून या वखारीतून आजवर गेलेलं नाही, त्यामुळे ते जरा लागलं.

"मुंबईला ओशिवऱ्यात याच्या निम्म्यात मिळतं" असंही तुम्ही लिहिलंत. तिथल्या जुन्या लाकूडसामानाच्या बाजारात चांगला माल असतो, मीही जातो, कोणाला जायचं असेल तर जरूर जावं. फक्त जाताना आपल्या भिंतीतल्या जागेचं माप घेऊन जावं, फरशी बसल्यानंतरचं, आणि टेम्पोचं व सुताराचं भाडं आधी विचारून ठेवावं.

अंदाजपत्रकात यापुढे जास्तीची कामं वेगळी लिहून देण्याचा विचार आहे, मुलगा तसं काहीतरी कॉम्प्युटरवर करतो आहे. तुमची मूळची पितळी कडी आणि कापलेले दोन्ही खुंट बाजूला ठेवले आहेत, ते तुमचेच आहेत. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाली की कवाडं थोडी आकसतील, तेव्हा फोन करा, माणूस पाठवून कवाडं नीट बसवून देतो, पैसे नकोत.

स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा. पण सत्तरच्या जागी छप्पन्न एवढी दुरुस्ती केलीत तर मोठे उपकार होतील.

आपला,
वखारीचे मालक
(सोमवारी वखार बंद असते)