कायदा आहे, फाईल पक्की लागते

कुठे हल्ला झाला की सोलापूरच्या ग्रुपांवर दोन वाक्यं ठरलेली. ‘दहशतवादाविरुद्ध आंतरराष्ट्रीय कायदाच नाही’ आणि ‘युनोनं यादीत टाकलं, आता सुटत नाही’. दोन्ही चुकीची आहेत.

दहशतवादाच्या व्याख्येवर एकमत नाही, हे खरं. सर्वंकष कराराचा मसुदा भारतानंच १९९६ साली मांडला, तो अजून लटकलेला आहे. परक्या सत्तेविरुद्ध लढणारे आणि सरकारी फौजा यांना व्याख्येत घ्यायचं की वगळायचं, इथे घोडं अडलंय. सोलापूरकराला हा पेच लगेच कळावा. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना इंग्रजांनी पोलिसांच्या खुनाचे गुन्हेगार ठरवून १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. आपल्यासाठी ते हुतात्मे. पण हाच दाखला देऊन बाजारात बॉम्ब ठेवणाऱ्याची पाठराखण कुणी करू नये. सामान्य नागरिकांना ठरवून मारणं युद्धाच्या कायद्यातही गुन्हाच आहे.

आणि व्याख्येवाचून सगळं अडत नाही. गुन्ह्यागणिक करार आहेत: विमान अपहरण १९७०, ओलीस १९७९, बॉम्बस्फोट १९९७, पैसा पुरवणं १९९९. सगळ्यांचा कणा एकच. आरोपी तुमच्या हद्दीत सापडला तर सोपवा, नाहीतर खटल्यासाठी स्वतःच्या यंत्रणेकडे द्या.

युनोच्या यादीचं वेगळं. ही यादी ठरवणाऱ्या १२६७ समितीत (नाव सुरक्षा परिषदेच्या ठरावाच्या क्रमांकावरून) परिषदेचे १५ही सदस्य असतात आणि निर्णय एकमतानं होतो. एकानं हात वर केला की प्रस्ताव महिनोन्महिने रखडतो. जैश-ए-मोहम्मदच्या म्होरक्या मसूद अझहरचं नाव चीननं असंच अडवलं, ते लागलं १ मे २०१९ ला. नाव लागल्यावर होतं काय? खाती गोठतात, प्रवासबंदी येते, शस्त्रं मिळायला बंदी. अटक त्यात नाही. लष्कर-ए-तोयबाचा संस्थापक हाफिज सईद डिसेंबर २००८ मध्येच यादीत आला, तरी पुढे कित्येक वर्षं पाकिस्तानात उघड सभा घेत होता.

माणूस हाती येतो तो प्रत्यार्पणातून, म्हणजे एका देशानं आरोपी दुसऱ्याला सोपवण्यातून, आणि तिथे कागद बोलतो. तहव्वूर राणाला शिकागोच्या ज्युरीनं २०११ मध्ये २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या आरोपातून सोडलं होतं. एकाच प्रकरणात दोनदा खटला नको, हा त्याचा बचाव. अमेरिकी कोर्टानं दोन्हीकडची कलमं शेजारी ठेवून पाहिली. भारताच्या आरोपांत शाबीत करायच्या बाबी वेगळ्या निघाल्या, म्हणून बचाव पडला. भारताची विनंती २०२० ची, ताबा एप्रिल २०२५ मध्ये. कलमं ढिसाळ लावली असती तर तो आजही तिकडेच असता, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिलेला शब्दही पाळावा लागतो. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतल्या अबू सालेमला आणताना भारतानं पोर्तुगालला हमी दिली होती: फाशी नाही, २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये ती पाळायला सांगितल्यावर अनेकजण चिडले. राग समजतो. पण ती हमी मोडली, तर पुढचा आरोपी मागताना परदेशातलं कुठलं कोर्ट भारताच्या सहीवर विसंबेल?